आईचं मशीन, छत्रीचं कापड आणि रिव्हेटेड जॉइंट

मशीन डिझाइनच्या ओरलला एक्स्टर्नलनी मला विचारलं होतं, "रिव्हेट अगदी जवळ जवळ मारले तर जॉइंट मजबूत होतो की कमकुवत?" मी बिनधास्त ठोकून दिलं, "मजबूत, सर." सर नुसते हसले आणि म्हणाले, "पुढचा." या प्रश्नाचं बरोबर उत्तर मला पाच महिन्यांनी मिळालं. रतनवाडीच्या एका शेतात, रात्री दोन वाजता, धो धो पावसात.

त्याचं झालं असं. ट्रेकला जाणाऱ्या आमच्या टोळक्याची कायमची रड एकच, मुक्काम कुठे करायचा? सह्याद्रीत देवळं आणि गुहा भरपूर, पण शनिवारी रात्री राजगडाच्या पद्मावती मंदिरात किंवा रतनगडाच्या गुहेत पाठ टेकायला जागा मिळाली तर नशीब. भाड्याने मिळणारा डोम तंबू साडेतीन किलोचा. तो कोणी उचलायचा यावरून एसटीतच भांडणं. हलके तंबू मिळतात, पण त्यांच्या किमती बघून माझी मेसची तीन महिन्यांची थाळी डोळ्यांसमोर तरळली. मग विचार केला, तंबू म्हणजे शेवटी काय? वरून पाऊस नको आणि बाजूने वारा नको. त्याला चेन, खिडक्या, खिसे कशाला? दोन काठ्या, मधे आडवा कणा आणि दोन्हीकडे उतरतं कापड. आपल्याकडे याला फार जुना शब्द आहे, पाल. (रूममेटची पहिली प्रतिक्रिया, "पाल? भिंतीवरची?" असो.)

ही कल्पना माझी नाही हे कबूल करतो. १९५५ साली एमा गेटवुड नावाच्या ६७ वर्षांच्या अमेरिकन आजीबाईंनी अपालाचियन ट्रेल हा तीन हजार किलोमीटरहून लांब डोंगरी रस्ता एकटीने पार केला. पाठीवर स्वतः शिवलेली कापडी झोळी आणि निवाऱ्याला बाथरूममधला प्लॅस्टिकचा पडदा! पुढे रे जार्डिन या अमेरिकन गिर्यारोहकाने १९९० च्या दशकात पुस्तकं लिहून हलक्या सामानाची आणि घरी शिवलेल्या पालाची चळवळच केली. हा गृहस्थ मुळात इंजिनिअर, त्यामुळे आपल्याला जवळचा. आणि आपले धनगर, शेतकरी घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन पावसाळा काढत आले, त्याला तर कोणी चळवळ म्हटलंसुद्धा नाही.

कापडापासून सुरुवात. दुकानात विचारताना दोन आकडे माहीत असावेत. डेनिअर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा लहान तितका धागा बारीक. आणि १९०टी वगैरे जे सांगतात ते म्हणजे एका इंचातले उभे आणि आडवे धागे मिळून १९०. परदेशात या कामासाठी सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन वापरतात. मला परवडलं ते छत्रीचं कापड, म्हणजे आतून पॉलियुरेथेनचा लेप असलेलं पॉलिएस्टर. चौरस मीटरला साधारण ७० ग्रॅम भरलं. हे नाइलाजाने घेतलं, पण एका बाबतीत फायद्याचंच ठरलं. नायलॉन हवेतला ओलावा वजनाच्या सुमारे ४ टक्के शोषतं, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. ओलं नायलॉन सैल पडतं, म्हणून नायलॉनच्या पालाचे दोर रात्री उठून पुन्हा ताणावे लागतात. पॉलिएस्टरला ही कटकट फारच कमी.

"वॉटरप्रूफ आहे का?" असं दुकानदाराला विचारू नका, तो होच म्हणणार. एक हात कापड आणा आणि हॉस्टेलच्या बाथरूममध्ये टेस्ट घ्या. एक मीटर पीव्हीसी पाइपच्या खालच्या तोंडाला कापड ताणून बांधायचं, लेपाची बाजू बाहेर, आणि वरून हळूहळू पाणी भरायचं. पहिला थेंब आला की पाण्याची उंची मोजायची. तंबूच्या जाहिरातीत हायड्रोस्टॅटिक हेड म्हणून जो मिलिमीटरचा आकडा छापतात तो हाच! माझ्या पहिल्या तुकड्याने २० सेंटीमीटरलाच मान टाकली, तिसऱ्या दुकानातला तुकडा ८० पर्यंत टिकला, तो घेतला. जमिनीवर अंथरायला मात्र हे कापड चालणार नाही. माणूस गुडघा टेकतो तेव्हा तीसेक किलो वजन ४० चौरस सेंटीमीटरवर येतं, म्हणजे साडेसात मीटर पाण्याइतका दाब. खाली जाड प्लॅस्टिकच हवं.

छत्रीच्या कापडाचा पन्हा मला ५८ इंची मिळाला. तीन-तीन मीटरचे दोन तुकडे लांबीला जोडले की मधली जोडशिवण हाच पालाचा कणा. कडा दुमडून वगैरे ३ मीटर बाय २.८५ चं पाल होतं. काठ्या १.१ मीटरच्या धरल्या तर खाली १.८ मीटर रुंद जागा, तिघे जण आरामात. वजन दोऱ्यांसकट ७०० ग्रॅमच्या आत, भाजीवाल्याच्या काट्यावर मोजलंय.

आता शिवण. आमच्या घरी आईचं पायाचं मशीन आहे. गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज त्याच्यावर होतात. दिवाळीच्या आसपास त्याला हात लावायची आमची टाप नसते. सेमिस्टर संपल्यावर गेलो आणि म्हटलं, "आई, चार दिवस मशीन दे." ती म्हणाली, "काय फाडलंस?" मला मशीन शिकायचंय हे पटायलाच तिला एक दिवस लागला. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण सुतारकाम, फिटिंग, वेल्डिंग, टिन स्मिथी सगळं करतो, पण मशीनवर सरळ टीप मारता येणारा मुलगा आमच्या मजल्यावर एकही नाही.

पहिलं पाल मी घाईत शिवलं. आई सांगत होती, "अरे, सुई बदल, ही जीन्सची आहे." मी म्हटलं चालतंय, जाड सुई म्हणजे मजबूत. ती म्हणाली, "टाका मोठा ठेव, कापड पातळ आहे." मी म्हटलं, उलट बारीक टाका म्हणजे जास्त टाके, जास्त ताकद. कोपऱ्यांवर जिथे दोरी बांधायची तिथे चौकोनी ठिगळ लावलं आणि त्याच्यावर हौसेने पाच-सहा वेळा टीप मारली. दिसायला एकदम दणकट!

२०२५ च्या मे महिन्याच्या शेवटी काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो. मी, रूममेट आणि दोन ज्युनियर. त्या वर्षी पावसाने मे महिन्यातच ठाण मांडलं होतं, हे आठवत असेल. ज्युनियरनी विचारलं, "दादा, टिकेल ना?" मी म्हटलं, "मी स्वतः शिवलंय." हे वाक्य अजून मला ऐकवतात. रतनवाडीत एका काकांना विचारून त्यांच्या शेतात पाल ठोकलं. बारापर्यंत झकास. दोनच्या सुमारास वारा फिरला. आधी कापड फडफडायला लागलं, मग टर्रर्र असा एकच आवाज, आणि वाऱ्याकडचा कोपरा गेला. एक कोपरा सुटला की बाकीच्यांवर दुप्पट ताण. दोन मिनिटांत दुसरा गेला. अंधारात चौघे जण कापड धरून बसलो. एका ज्युनियरची स्लीपिंग बॅग पूर्ण भिजली. अर्ध्या तासाने तो इतका कुडकुडत होता की त्याला नीट बोलता येईना, आणि थोड्या वेळाने कुडकुडायचा थांबला. तेव्हा मला खरी भीती वाटली, कारण ओल्या अंगाने थंडीत असं गप्प होणं हे चांगलं लक्षण नसतं. त्याला धरून काकांच्या घरी नेलं. मावशींनी एका शब्दाने न विचारता चूल पेटवली, कोरडे कपडे दिले, घोंगडी दिली. सकाळी तो चहा पीत हसत होता. मला मात्र हसू येत नव्हतं.

हॉस्टेलवर येऊन फाटलेले कोपरे टेबलावर ठेवले. गंमत म्हणजे कापड मधे कुठेच फाटलं नव्हतं आणि दोराही तुटला नव्हता. फाटलं होतं ते बरोबर टिपेच्या रेषेत, पोस्टाचं तिकीट भोकांवरून फाटतं तसं. तेव्हा एक्स्टर्नलचं ते हसू आठवलं आणि मशीन डिझाइनची वही काढली.

रिव्हेटेड जॉइंटमध्ये दोन भोकांमधलं अंतर पी आणि भोकाचा व्यास डी. फाटण्याच्या दृष्टीने जॉइंटची एफिशियन्सी म्हणजे (पी − डी) भागिले पी. साधी गोष्ट, भोकं वजा जाता जेवढा पत्रा उरला तेवढाच भार घेणार. आता मशीनची सुई. पाकिटावर १००/१६ लिहिलेलं असतं, त्यातलं १०० म्हणजे सुईची जाडी १ मिलिमीटर. माझा टाका होता दीड मिलिमीटरचा. म्हणजे पी दीड, डी एक, एफिशियन्सी ३३ टक्के! आई सांगत होती ती ११ नंबरची सुई म्हणजे ०.७५ मिलिमीटर, आणि टाका ३ मिलिमीटरचा. पी तीन, डी पाऊण, एफिशियन्सी ७५ टक्के. आईने मशीन डिझाइनचा पेपर दिलेला नाही, पण मला केटी लागली असती त्या प्रश्नाचं उत्तर तिला तोंडपाठ होतं. (प्रामाणिकपणे सांगायचं तर सुई पत्र्यासारखं भोक पाडत नाही, बरेचसे धागे बाजूला सारते. त्यामुळे खरे आकडे याच्यापेक्षा बरे असणार. पण लेप दिलेल्या बारीक कापडात धागे सरकायला जागा कमी आणि लेप तर फाटतोच, म्हणून हिशेबाची दिशा तीच.) त्यात मी एकाच जागी पाच-सहा वेळा टीप मारून भोकांची संख्या आणखी वाढवली होती.

भार किती आला असेल तोही हिशेब केला. सिव्हिलवाल्यांच्या आयएस ८७५ भाग ३ मध्ये वाऱ्याच्या दाबाचं सूत्र आहे, ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. वेग मीटर प्रति सेकंदात, दाब पास्कलमध्ये. ताशी ४० किलोमीटर वाऱ्याला ७४ पास्कल. पालाचा एक उतार सव्वाचार चौरस मीटर, म्हणजे ढोबळमानाने ३२ किलो. ताशी ६० चा झोत आला की वर्गामुळे तेच ७३ किलो. उतार तिरका असल्याने प्रत्यक्षात कमी येईल, पण फडफडताना बसणारे झटके वेगळेच. एवढा भार शेवटी तीन-चार दोऱ्यांच्या टोकांशी जाऊन साठतो. म्हणून पाल कापडाने टिकत नाही, जोडाने टिकतं.

दुसरं पाल आईच्या शेजारी बसून शिवलं, आणि या वेळी तोंड बंद ठेवून.

कण्याची शिवण कशी, ते नीट सांगतो. जीन्सच्या पायाला आतून जी दुहेरी शिवण असते ना, तीच. एका तुकड्याची कड दुसऱ्यापेक्षा सेंटीमीटरभर पुढे ठेवून पहिली टीप मारायची. मग पुढे आलेली कड आखूड कडेवरून गुंडाळायची, सगळं एका बाजूला पाडायचं आणि वरून दुसरी टीप. कापडाच्या कडा आत बंद होतात, उसवत नाहीत आणि भार दोन रांगांत वाटला जातो. हे करताना मला सारखं वाटत होतं की हे आपण कुठेतरी केलंय. मग आठवलं, टिन स्मिथीत पत्र्याच्या कडा एकमेकींत अडकवून जो लॉक्ड ग्रूव्ह जॉइंट ठोकला होता, त्याचीच ही कापडी बहीण. तो जॉब मी मित्राकडून ठोकून घेतला होता, ही गोष्ट वेगळी.

कापड गुळगुळीत असल्याने मशीनखाली पळतं. टाचण्या लावू नका, प्रत्येक टाचणी म्हणजे एक जास्तीचं भोक. कपडे वाळवायचे चिमटे लावा आणि मशीनच्या मागून एका हाताने, पुढून दुसऱ्या हाताने कापड हलकं ताणून धरा. ओढू नका, नाहीतर सुई तुटते. (माझ्या तीन तुटल्या.) दोरा पॉलिएस्टरचाच घ्या, सुती दोरा ओलसर राहून कुजतो. बॉबिन भरताना आधी चिंधीवर टीप मारून बघा. खाली दोऱ्याची जाळी होत असेल तर वरचा दोरा नीट ओवला आहे का ते आधी बघा आणि मगच टेन्शनच्या चकतीला हात लावा.

कोपऱ्यांचं गणित थोडं वेगळं. कोपऱ्यातली दोरी कर्णाच्या दिशेने ओढते, आणि कापड तिरकं ओढलं की सगळ्यात जास्त ताणतं. रुमाल सरळ ओढून बघा आणि मग तिरका ओढून बघा, कळेल. तिथे चौकोनी ठिगळ लावलं तर त्याच्या आतल्या टोकाशी ताण एकवटतो. एसओएममधलं स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन. म्हणून ठिगळाची आतली कड गोल कापली. बॅगेचं सामान विकणाऱ्या दुकानात नायलॉनची निवारीची पट्टी मिळते, तिचा फास करून ठिगळात लांबवर नेऊन शिवला. भार एका बिंदूवर न येता हातभर पसरला पाहिजे. लांब बाजूंच्या मधोमध अजून एकेक फास टाकला, तो पहिल्या पालाला नव्हताच.

आता फडफडीचं. पहिल्या पालाचा कणा मी सरळ पट्टीने आखून कापला होता. कितीही ताणलं तरी मधे झोळ. कारण दोन्ही बाजूंचं कापड कण्याला खाली ओढतं आणि खाली ओढलेली दोरी सरळ राहूच शकत नाही, ती वाकणारच. कापड सरळ कापलेलं, कणा वाकलेला, मग मधलं कापड जास्तीचं होतं आणि ते वाऱ्यात फडफडतं. उपाय असा की तो बाक आधीच कापून टाकायचा. लटकत्या साखळीच्या या वक्राला कॅटेनरी म्हणतात. १६९१ साली लायब्निट्झ, हायगेन्स आणि योहान बर्नुली यांनी त्याचं उत्तर काढलं. मी काढलं ते हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये. भिंतीला खाकी कागद चिकटवला, ३ मीटर अंतरावर दोन खिळे ठोकले (रेक्टर सरांनी हे वाचू नये), बारीक साखळी मधे १० सेंटीमीटर लोंबेल अशी लटकवली आणि पेन्सिलने आखून घेतली. दोन्ही तुकड्यांची कण्याकडची कड त्या रेघेवर कापली. एवढ्या उथळ वक्रात कॅटेनरी आणि पॅराबोला यांच्यातला फरक मिलिमीटरपेक्षाही कमी येतो, म्हणजे खडूच्या रेघेत बुडून जातो. त्यामुळे साखळी नसेल तर पॅराबोलाचे बिंदू मोजून टाकले तरी चालतं.

या हिशेबात एक गोष्ट मला फार आवडली. ३ मीटर अंतरात १० सेंटीमीटर झोळ पडायला साखळी किती जास्त लांब लागते? फक्त ९ मिलिमीटर! म्हणजे शिवताना पाऊण-एक सेंटीमीटर कापड जास्त सरकलं की गेला कणा. आणि नायलॉन भिजून एक टक्का जरी लांबलं, म्हणजे ३ सेंटीमीटर, तर झोळ १८ सेंटीमीटरवर जातो.

शेवटी टिपेची भोकं बुजवायची. इथे बरेच जण चुकतात. सिलिकॉनचा लेप असलेल्या कापडावर फक्त सिलिकॉनच चिकटतं. हार्डवेअरच्या दुकानातलं पारदर्शक सिलिकॉन मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशने लावतात. आपल्या छत्रीच्या कापडावर तेच लावलं तर वाळल्यावर सालीसारखं निघून येतं. त्याला पॉलियुरेथेनचा चिकट सीलर लागतो. दोन्ही उघड्या गच्चीवर लावा, खोलीत नको, डोकं दुखतं.

खुंट्या वर्कशॉपमधल्या भंगारातल्या ६ मिलिमीटर सळईच्या केल्या (इन्स्ट्रक्टर सरांना विचारून). पण सह्याद्रीच्या कातळावर खुंटी शिरेलच असं नाही, तिथे दोरी मोठ्या दगडाला गुंडाळावी. दोर असा बांधा की गाठ सरकवून ताण कमी-जास्त करता येईल. पालाखाली स्टोव्ह पेटवू नका, हे कापड ठिणगीने वितळतं. ओढ्याच्या पात्रात आणि मोकळ्या माथ्यावर ठोकू नका. पाल चारी बाजूंनी उघडं असतं, त्यामुळे विंचूकाट्यासाठी आत मच्छरदाणी टांगा. गडावर आणि जंगलात मुक्कामाला बंदी असेल तर खालच्या गावात शेतमालकाला विचारून राहा. आणि काहीही शिवलं असलं तरी एकेक कोरडा कपड्याचा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

ऑक्टोबरमध्ये त्याच शेतात गेलो. काकांनी पालाकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "घरात जागा आहे बरं का." रात्री परतीचा पाऊस तासभर झोडपून गेला. मी झोपलोच नाही, टॉर्च घेऊन चारी कोपरे बघत बसलो होतो. टीप हलली नाही. कण्याच्या एका टोकाशी थेंब थेंब गळत होतं, तिथे सीलर लावायचा राहिला होता. तोच ज्युनियर या वेळीही आला होता आणि बरोबर त्या थेंबाखाली घोरत होता.

वक्राचा खाकी कागद माझ्या कपाटामागे गुंडाळून ठेवला आहे. ज्याला हवा त्याने येऊन ट्रेस करून न्यावा. ११ नंबरच्या सुया मात्र आपापल्या आणाव्यात.